गोंडाणे आणि माझ्या बाबांचे रस्ते

गोंडाणे गेल्याची बातमी मला तेजश्रीनं दिली. तेजश्री म्हणजे त्याच्या हाताखाली तयार झालेली आणि आता त्याचीच जागा सांभाळणारी तरुण इंजिनिअर. मी खराडीच्या ऑफिसात एका मीटिंगमधून बाहेर पडत होतो, तेव्हा हातातल्या फोनवर तिचं नाव उजळलं. ती म्हणाली, "सर, तुम्हाला कळलंच असेल ना?" कळलं नव्हतं. मग तिनं सांगितलं... सकाळी, हॉस्पिटलमध्ये, आम्ही सगळे तिथेच होतो. त्या 'आम्ही सगळे'पाशी मी अडकलो. मिलिंद गोंडाणे गेला, हे मनात उतरायच्या आधी दुसरंच काहीतरी उतरलं. ही कालची मुलं त्याच्या उशाशी होती आणि कॉलेजपासूनचा मित्र म्हणवणारा मी काचेच्या खोलीत बसून कुठल्या तरी परदेशी ग्राहकाला आलेख समजावत होतो. खाली गाडीपाशी आल्यावर फोन नीट पाहिला. मीटिंगसाठी आवाज बंद ठेवला होता. त्यावर वहिनींचा, म्हणजे संगीता गोंडाणे यांचा, मिस्ड कॉल होता. तेजश्रीच्या फोनच्या बराच आधीचा. म्हणजे मला कोणी वगळलं नव्हतं. तरीही गाडी सुरू करताना वाटलं ते हेच, की जातानाही हा माणूस दुसऱ्यांचा जास्त आणि माझा कमी.

असं लिहिणं बरं दिसत नाही, याची मला कल्पना आहे. गेलेल्या माणसाच्या मोठेपणाबद्दल लिहायचं असतं, आणि मीही तेच लिहिणार आहे. फक्त त्याचं मोठेपण मला फार जवळून आणि फार टोचत दिसलं. दुसऱ्या कुठल्या कोनातून ते मला दिसलंच नाही.

आम्ही पुण्यातल्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात, एकाच वर्गात होतो. तो भंडाऱ्याकडचा, वडील तिथल्या आयुधनिर्माणीत. इथे हॉस्टेलवर राहायचा. पहिल्या वर्षी त्याच्या तोंडी सारखं 'काऊन' असे आणि इथली मुलं हसत. तो शांतपणे विचारायचा, काऊन हसता? मग मुलं आणखी हसत. पुढे 'काऊन' जाऊन 'का' आलं, पण विचारण्याची सवय गेली नाही. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं की आम्ही ते उतरवून घ्यायचो, आणि हा हात वर करून विचारायचा की ते असंच का, उलटं का नाही. सर वैतागत. परीक्षेत मी पहिल्या काही जणांत असे, तो मधे कुठेतरी. त्यामुळे त्या काळात मला त्याचा हेवा वाटायचं काही कारण नव्हतं, आणि आमची मैत्री उत्तम जमली.

एका रविवारी त्याला कर्वेनगरला घरी घेऊन गेलो. आईनं चहा ठेवता ठेवता विचारलं, गोंडाणे म्हणजे नेमके कुठले तुम्ही? पुण्यात या प्रश्नाला गावाचं नाव पुरत नाही, हे त्यालाही एव्हाना कळलेलं होतं. "भंडाऱ्याचे, काकू. आम्ही बौद्ध," तो म्हणाला. हजेरीत आपला नंबर सांगावा, तसं. आई बरं बरं म्हणाली आणि साखर किती ते विचारू लागली. बाबा तोवर पेपरात होते. ते बांधकाम खात्यात इंजिनिअर, आयुष्य रस्ते बांधण्यात आणि त्याहून जास्त ते दुरुस्त करण्यात गेलेलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी विदर्भात काढली होती. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "नागपूर-भंडारा रस्ता कसा आहे आता?"

"कन्हान नदीच्या अलीकडचा की पलीकडचा?" गोंडाणेनं विचारलं.

बाबांनी पेपर खाली केला. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्या बोलण्यानं बाबांनी पेपर खाली केल्याचं मला तोवर तरी आठवत नव्हतं. त्या दिवशी ते दोघं नदीच्या दोन्ही काठांच्या मातीबद्दल बोलत राहिले. काळी माती पाण्यानं कशी फुगते, उन्हाळ्यात कशी आकसते आणि वरचा डांबराचा थर बिचारा तिच्याबरोबर कसा वरखाली होत राहतो. मी तिथेच बसलो होतो. जेवायची वेळ झाली तेव्हा आईनं त्याचंही पान मांडलं.

पुढे आम्ही दोघं पिंपरी-चिंचवडच्या एका मोटार कारखान्यात लागलो, तेही एकाच विभागात. गाडीचं चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जे जे असतं, स्प्रिंग, शॉकअप, रबरी बुश, ते आमच्याकडे. सुरुवातीची वर्षं निवांत होती. देशात मोजक्या गाड्या, त्याही वर्षानुवर्षं तशाच. गाडी मिळाली यातच घेणाऱ्याला आनंद, ती हाडं मोडते का हे कोणी विचारत नसे. मग नव्वदीच्या दशकात दारं उघडली. परदेशी कंपन्या आल्या, आमच्या मालकांनी त्यातल्या एकीशी करार केला आणि एक सुंदर, छोटी, बुटकी गाडी आमच्या आवारात येऊन उभी राहिली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. काहींनी फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी तिच्यात माणसं भरून, डिकीत सामान टाकून आम्ही ती गेटाबाहेर नेली, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं. पुढच्या खड्ड्यात चाकाच्या वरचा रबरी ठोकळा असा आपटला की मागे बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

गाडीत खोट नव्हती. ती ज्या देशासाठी बनली होती तिथले रस्ते टेबलासारखे होते. तिथे चाकाला वरखाली व्हायला बोटभर जागा पुरायची, इथे वीतभरही कमी पडत होती. तिकडून आलेल्या मुख्य इंजिनिअरनं आम्हाला एकत्र बसवून सांगितलं की या मोसमात गाडी इथल्या रस्त्याला लायक झाली पाहिजे. झाली नाही, तर हे काम त्यांची माणसं त्यांच्या देशात करतील, आणि मग इथे या विभागाची गरज उरणार नाही. तो उंच, हळू बोलणारा गृहस्थ होता. धमकी दिल्यासारखं न बोलल्यामुळे ते आम्हाला जास्तच खरं वाटलं. आमच्यातल्या कित्येकांनी नुकतीच घरं घेतली होती. दोन गाड्या दोन पद्धतींनी तयार करायच्या आणि त्यातली एक निवडायची, असं ठरलं. एक माझ्याकडे आली, एक गोंडाणेकडे.

माझा विचार सरळ होता. गाडी बसते, तर बसू द्यायची नाही. जास्त ताठ स्प्रिंग, जास्त कडक शॉकअप, गाडी थोडी उंच. गणित स्वच्छ होतं आणि माझी गाडी लवकर तयार झाली. गोंडाणे मात्र बरेच दिवस गाडीला हातच लावेना. रविवारी तो आमच्या घरी दिसू लागला. मला भेटायला नव्हे, बाबांना. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते आणि गच्चीतल्या कुंड्यांवर अधिकार गाजवत होते. गोंडाणेनं त्यांना विचारलं की आपल्या रस्त्यावर खड्डे जास्त की उंचवटे. मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "खड्ड्यापेक्षा बुजवलेला खड्डा वाईट. डांबर जास्तच ओततात, रोलर फिरवतच नाहीत. आपल्या रस्त्यांना खोलीपेक्षा गाठी जास्त आहेत." गोंडाणेनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मग पुढचा. पाणी कुठून शिरतं, कडा आधी का तुटतात, स्पीडब्रेकरचा सरकारी नकाशा कसा असतो आणि मुकादम प्रत्यक्षात काय बांधतो.

त्यानंतर ते दोघं बाहेर पडू लागले. लाकडी फळी, ओळंबा, दोरी आणि बाबांची छत्री. बिबवेवाडी, कोंढवा, सिंहगड रस्ता, जिथे जिथे स्पीडब्रेकर असेल तिथे फळी आडवी धरायची आणि उंचीची मापं घ्यायची. बाबा टोपी घालून रस्त्याच्या कडेला उभे राहून वाहनांना हातानं बाजूनं जा म्हणून सांगत. निवृत्त माणसात एवढा हुरूप मी पूर्वी पाहिला नव्हता. बिबवेवाडीला एका किराणा दुकानासमोर लागोपाठ तीन स्पीडब्रेकर होते, मधला एका बाजूला कललेला; तिथल्या दुकानदारानं काळजीनं विचारलं, साहेब, रस्ता रुंद होणार का, आमचं दुकान जाणार का? बाबा म्हणाले, "काळजी करू नका. रस्ता आहे तसाच राहणार आहे. गाडी बदलणार आहे." ही हकीकत बाबांनी घरी येऊन आईला सांगितली, आईनं मला सांगितली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, हे खरं. पण मुलाला बोलवायला त्यानं विचारायची वाट कशाला बघायची, असं मला वाटत राहिलं. एकदा जेवताना मी म्हणालो, तुम्ही माझ्या कामाबद्दल कधी एवढा रस घेतला नाहीत. बाबा भात कालवत म्हणाले, "तुझा मित्र विचारतो. तू सांगतोस." पुढे त्यांनी ताक मागितलं.

गोंडाणेची गाडी तयार झाली तेव्हा तिची स्प्रिंग माझ्याहून कितीतरी मऊ होती. त्याचं म्हणणं असं की आपल्याकडे रस्ता वेगानं जाताना त्रास देत नाही, हळू जाताना देतो. शहरात गाडी धावत कुठे असते? ती भरलेली असते आणि हळूहळू गाठींवरून चढत उतरत असते. तेव्हा चाकाला खालीही लांब जाऊ द्यायचं, आणि वरचा आखूड रबरी ठोकळा काढून तिथे लांब आणि मऊ ठोकळा बसवायचा, म्हणजे आपटण्याऐवजी गाडी आधीपासूनच हळूहळू टेकत जाईल. मी त्याला सांगितलं, वळणावर कलंडल्यासारखी वाटेल. तो म्हणाला, थोडी वाटेल. तेवढी चालेल.

निवडीच्या दिवशी कात्रजच्या जुन्या घाटातून सासवडच्या बाजूला जाऊन परत यायचं होतं. मुख्य इंजिनिअर नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या जागेकडे निघाले, तेव्हा गोंडाणेनं त्यांना अदबीनं थांबवलं. आमच्याकडे गाडीचा धनी बहुतेक वेळा मागे बसतो, म्हणाला. त्याचे आईवडील तर मागेच बसतात. आपण मागे बसून ठरवा. त्या गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि ते मागे जाऊन बसले, दोन्ही बाजूंना आमची दोन धिप्पाड माणसं. मी पुढच्या सीटवरून आरशात बघत होतो. आधी माझी गाडी निघाली. तिचं पोट कुठेही घासलं नाही. ठोकळा एकदाही आपटला नाही. पण प्रत्येक गाठीचा हिशोब सरळ त्या माणसाच्या मणक्यात जमा होत होता. त्यांनी एका हातानं पुढची सीट धरली होती, दुसऱ्यानं चष्मा, आणि डोळे रस्त्यावरून हलत नव्हते. पुढचा धक्का कुठे आहे ते शोधत होते. परतीला ते गोंडाणेच्या गाडीत बसले. मीही बसलो. काही वेळानं त्यांनी सीट सोडली. मग ते खिडकीतून डोंगराकडे बघू लागले. मग रसवंतीगृहाची ती घुंगरं कशासाठी बांधतात, असं त्यांनी विचारलं. तेव्हाच मला कळलं की मी हरलो. माझ्या गाडीत ते रस्ता बघत होते. त्याच्या गाडीत बसल्यावर ते रस्ता विसरले.

मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल, तर मलाही त्या गाडीत बरं वाटत होतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, कोणाची घेतली? मी म्हणालो, त्याची. चांगली आहे का? मी म्हणालो, आहे. "मग झालं," बाबा म्हणाले, आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. त्यांचा चेहरा काही मला दिसला नाही, पण त्या संध्याकाळी कुंड्यांना बरंच जास्त पाणी मिळालं.

विभाग वाचला. माझीही नोकरी त्यात वाचली, आणि ज्याच्यामुळे वाचली त्याच्या शेजारच्या टेबलावर मला रोज बसायचं होतं. गाडी रस्त्यावर आली, लोकांनी घेतली. मग परदेशातल्या मूळ कंपनीनं गोंडाणेला तिकडे बोलावून घेतलं. त्यांना तीच गाडी आणखी देशांत विकायची होती, आणि प्रत्येक देशाचा रस्ता वेगळा होता. संगीतावहिनी तेव्हा इथल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. त्या रजा घेऊन त्याच्याबरोबर गेल्या. निरोपाच्या दिवशी मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं, सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईला म्हणालो, आज जेवायचं नाही, डोकं दुखतंय.

तिकडून तो फोटो पाठवायचा. निसर्गाचे नाहीत, इमारतींचे नाहीत, रस्त्यांचे. आफ्रिकेतला लाल मुरमाचा रस्ता, ज्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या. दक्षिण अमेरिकेतली दगडी फरसबंदीची गल्ली. थंड देशातला रस्ता, खालचं पाणी गोठून फुगल्यामुळे मधेच वर आलेला. प्रत्येक फोटोच्या मागे त्यानं कोणते बुश बदलले, ठोकळा केवढा केला, एवढंच. पाकिटावर नाव बाबांचं. बाबा ते फोटो आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवत. हळूहळू ते सगळं टेबल जगातल्या वाईट रस्त्यांनी भरून गेलं. घरी येणाऱ्याला ते दाखवत आणि सांगत, हा आमचा गोंडाणे. कोणी विचारलं, मुलगा का, तर म्हणत, मुलाचा मित्र... पण आधी क्षणभर थांबत. तो थांबण्याचा क्षण मी मोजायला शिकलो होतो.

मी तोवर नोकरी बदलली होती. गाड्यांचे कारखाने आहेत तिथे आहेत, भविष्य संगणकात आहे, असं तेव्हा सगळे म्हणत होते, आणि ते खोटंही ठरलं नाही. खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत मी गेलो. परदेशी मोटार कंपन्यांसाठी आम्ही संगणकावर गाडी बनवायचो आणि संगणकावरच्याच रस्त्यावरून ती चालवून बघायचो. पगार, हुद्दा, परदेशवाऱ्या, सगळं गोंडाणेहून चांगलं होतं. हाताला ग्रीस लागायचं मात्र थांबलं. बाबांना मी एकदा ऑफिस दाखवायला नेलं. त्यांनी पडद्यावरची गाडी पडद्यावरच्या खड्ड्यातून जाताना पाहिली आणि विचारलं, यात पाणी कुठे साठतं?

बाबांच्या शेवटच्या आजारपणात गोंडाणे परदेशातच होता. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. बोलायला काही नव्हतं, म्हणून मी काचेखालचा तो लाल रस्त्याचा फोटो काढून हातात घेतला आणि विचारलं, बाबा, या लाटा का पडतात हो? बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, एखादं चाक कुठे तरी जरासं उसळतं, पुढे आपटतं, तिथे खळगा होतो. मागच्या गाडीचं चाक त्याच खळग्यात पडतं, तिथूनच उसळतं. प्रत्येक जण आधीच्याचा धक्का पुढे ढकलतो. असं करत करत सगळ्या रस्त्याला सवय लागते. त्यांचा श्वास लागत होता, तरी ते बोलत राहिले. मी आणखी विचारलं. त्यांनी आणखी सांगितलं. आमच्या दोघांचं एवढं लांब बोलणं ते पहिलंच, आणि पुढे तेवढं झालं नाही. त्या दुपारबद्दल मी आजही कोणाचे तरी आभार मानायला तयार आहे. पण कोणाचे मानायचे हे ठाऊक असल्यामुळे ते जड जातं.

गोंडाणे परत आला, पिंपरीच्या कारखान्यात पुन्हा रुजू झाला आणि बिबवेवाडीत जुन्याच सोसायटीत राहू लागला. तिकडे राहायला सांगत होते, हा राहिला नाही. त्या सुमारास आमच्या खराडीच्या ऑफिसात एका परदेशी ग्राहकाकडून कामाची नवी सामग्री आली. त्यात निरनिराळ्या देशांतल्या खऱ्या रस्त्यांची मापं होती, संगणकावरच्या गाड्या त्यावरून चालवण्यासाठी. आमच्या मुलांनी भारताच्या नावाची फाइल उघडली आणि पडद्यावर एकामागोमाग एक तीन स्पीडब्रेकर आले, मधला एका बाजूला कललेला. मी उभाच राहिलो. बिबवेवाडीच्या किराणा दुकानासमोरचे होते ते. बाबांनी फळी धरलेले. आधी कारखान्यात, तिथून परदेशात, तिथून दुसऱ्याच एका कंपनीकडे, असं फिरत फिरत ते पुन्हा पुण्यात माझ्या टेबलावर आले होते आणि माझी विशीतली मुलं त्यांवरून दिवसभर गाड्या नेत होती. बाबांचं नाव कुठेही नव्हतं. गोंडाणेचंही नव्हतं.

मी त्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, पडद्यासमोर बसला आणि ते तीन स्पीडब्रेकर मागेपुढे फिरवून बघू लागला. मग म्हणाला, काका त्या दिवशी मधल्या गाठीवर फार चिडले होते. आम्ही खाली टपरीवर चहा घ्यायला गेलो. तिथे मी जे आयुष्यभर बोललो नव्हतो, ते अर्धवट बोललो. म्हणालो, बाबांबरोबर फळी धरायला मी असायला हवं होतं. तो कपाकडे बघत म्हणाला, "दिलीप, तुला माझा हेवा वाटतो, हे मला पहिल्यापासून माहीत आहे." तो पुढे म्हणाला, "वाटू दे. बाकीचे कौतुक करतात. कौतुक करणारा माणूस नीट बघत नाही. माझी गाडी वळणावर कलंडते, हे फक्त तूच सांगितलंस. मी ते पुढे प्रत्येक देशात दुरुस्त करत गेलो." एवढं बोलून त्यानं चहावाल्याला आणखी दोन सांगितले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं. पण माझ्या हेव्याचासुद्धा त्यानं कामासाठी उपयोग करून घेतला होता, आणि मला मात्र त्याचं काहीच करता आलं नव्हतं, हेही त्याच वेळी जाणवलं.

मग त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. ठरावीक दिवसांनी डायलिसिसला जावं लागे. बिबवेवाडीहून हॉस्पिटल तसं लांब. मी त्याला म्हणालो, मी येत जाईन, सोडत जाईन. हुद्द्यामुळे आता दुपारचा वेळ माझ्या हातात होता आणि गाडी उत्तम होती. तो नको म्हणाला. मला लागलं. तेजश्री आणि तिच्या हाताखालची मुलं आळीपाळीनं डबा घेऊन जात, ते त्याला चालत होतं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तू चांगलंच चालवतोस, पण संगीता शिकते आहे. तिला पुढे एकटीला चालवायचं आहे. असं म्हणून त्यानं विषय बदलला. पुढचा विषय काय होता ते मला आठवत नाही.

बिबवेवाडीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी बोललो नाही. तेजश्री छान बोलली. ती रडली, तिच्याबरोबर सगळी तरुण मुलं रडली. त्यानंतर काही दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. माझी गाडी दुरुस्तीला होती, रिक्षानं गेलो होतो. निघताना वहिनी म्हणाल्या, "थांबा भाऊजी, मी सोडते ऑफिसला, खराडीला. मलाही जरा बाहेर पडायचंय." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी किल्ली घेतली होती.

मी शेजारी बसलो. साठीच्या जवळ आलेल्या, आत्ताआत्ता शिकलेल्या बाई, म्हणून मी पाय घट्ट रोवून बसलो. पहिला स्पीडब्रेकर आला. वहिनींनी बऱ्याच आधी ब्रेक दाबला, आणि चाक गाठीला लागणार त्याच्या अगदी आधी पाय उचलला. गाडीचं नाक हलकेच वर आलं, आणि आम्ही त्या गाठीवरून असे गेलो की मला खाली काही जाणवलंच नाही. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. पुढच्या खड्ड्यालाही तेच. दाबला, आणि नेमक्या वेळी सोडला. मी या गोष्टीवर आयुष्य काढलं आहे. ब्रेक दाबलेला असला की पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, धक्का झेलायला तिच्यात काही उरत नाही, हे मी कितीतरी मुलांना फळ्यावर शिकवलं आहे. पण हे पायाला कधीच शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, वहिनी, हे कोणी शिकवलं?

"यांनीच," त्या म्हणाल्या. "परत येताना हात दुखायचा ना त्यांचा, सुया टोचलेला. धक्का सहन व्हायचा नाही. शेजारी डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, सोड... आता सोड. पुढे पुढे म्हणेनासे झाले." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आता गाडीत मी एकटी असते, तरी तसंच होतं."

त्यानं जे काही बनवलं, ते मी पाहिलं होतं, मोजलं होतं, त्यातल्या चुका काढल्या होत्या. हे एक त्यानं मला न दाखवता बनवलं. मगरपट्ट्याच्या पुढे रस्ता फारच उखडलेला होता. वहिनी एका सुरात चालवत होत्या. मी रोवलेले पाय कधी सैल केले, ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी खिडकीतून बाहेर बघतो आहे. मग मी डोळे मिटून घेतले. तो ज्या जागेवर बसायचा त्याच जागेवर मी होतो, आणि खराडी जरा उशिरा यावी असं वाटत होतं.